इतिवृत्तात न घेतलेलं

इथे तालुक्याच्या परिषदेला शायर म्हणतात.
कोर्डलिंग, वॉलबीन, मरनिंगअप:
तीन शायर एका टेबलाशी बसले
आणि चार तासांत एकही यमक जुळलं नाही.
मी एकटीच हसले.
कुणाला समजावणार, का ते.

माझं काम इतिवृत्त लिहिण्याचं.
विषय क्रमांक सात: सामायिक कचरा-खड्डा.
सूचक अमुक, अनुमोदक तमुक, चर्चा झाली.
एवढंच घ्यायचं असतं.

तिघांचेही खड्डे भरत आलेत.
कोर्डलिंगचा तर कुंपणावरून डोकावतो,
वारा सुटला की त्यांच्या पिशव्या
वॉलबीनच्या गव्हात उगवतात.
डेस्ली हॉक्रिजनं हंगामभर त्या वेचल्या,
लोकरीच्या पोत्यात दाबून भरल्या
आणि आज ते पोतं टेबलावर आणून ठेवलं.
बोलली काहीच नाही.
अध्यक्ष म्हणाले, हे कार्यसूचीवर नाही.

मग निघाले हिशेब.
कोण किती टन, कुणाच्या मेंढ्या मेल्या,
कुणाचे औषधांचे रिकामे ड्रम,
गाद्या कुणी रात्री आणून टाकल्या.
दुसऱ्याचा तो कचरा,
आपलं ते जरा पडून राहिलेलं सामान.
मधेच फुटबॉलची कुठलीशी जुनी फायनल निघाली,
पंच कुणाचा मेहुणा होता ते.
मी पेन खाली ठेवलं.

कॅलम, शहरातून आलेला इंजिनीअर,
त्यानं नकाशा पसरला.
कोपरे उडू नयेत म्हणून तीन चहाचे मग
आणि बिस्किटांचा डबा.
खाली घट्ट चिकणमाती आहे, म्हणाला,
पाणी झिरपणार नाही, वस्ती लांब, इथे.
बोट टेकलं ते नेमकं
जिथे तीन रंग एकमेकांना भिडतात.

त्या कोपऱ्यासाठी दोन कपाटं भरून पत्रव्यवहार आहे.
मीच लावलाय तारीखवार.
जागा आमची, जागा आमची, सविनय जागा आमची.
आज तिघे एका सुरात म्हणाले:
ती आमच्या हद्दीत येत नाही.

इव्हो मारिन्कोविच तेवढा म्हणाला,
तुमच्या वरच्या रानातलं मीठ
उतरून माझ्या तळ्यात आलं, तेव्हा
हद्द कुठे होती?
त्यावर कुणीतरी डबा उघडला.
नकाशाचा एक कोपरा गुंडाळत आत आला.

शेवटी लेन टकवेलला बोलावलं,
रस्त्याचा खर्च विचारायला.
ग्रेडर चालवतो. टोपी काढून दारातच उभा राहिला.
सव्वीस वर्षं झाली, म्हणाला,
हद्दीच्या खांबापाशी पातं उचलतो, वळतो.
खांबापलीकडे तोच रस्ता. त्याच चाकोऱ्या. तीच शाळेची बस.
खर्च विचाराल तर
वळायलाच जास्त डिझेल लागतं.

मतदान: दोन बाजूनं, एक तटस्थ.
तटस्थांना आपल्या लोकांना विचारायचंय.
पुढची सभा मरनिंगअपला, चहा त्यांचा.
पोतं टेबलाखालीच राहिलं.
त्याला कोणत्या शायरच्या डब्यात टाकायचं
हे अजून ठरलेलं नाही.

नवव्या दिवशी घरी जाताना
खांब मागे गेला आणि गाडी खडखडली नाही.
थांबले. उतरून पाहिलं.
ताजी लाल माती, पात्याची सलग रेघ,
खांबापलीकडे गेलेली.
पुढे ती जरा अडखळते, कडेला फराटा,
तिथून तो मागे वळलाय.

तटस्थांचं उत्तर अजून आलेलं नाही.
कुणीही आदेश काढलेला नाही, मला माहीत असतं.
गाडीच्या काट्यावर मोजलं:
चारशे मीटर.

कुठे लिहायचं ते
समासही नव्हता.